वेगळी उपासना, एकच पंगत : हैदराबादेतील ख्रिस्ती श्रद्धेचा विचार

हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शंभरात जेमतेम दोन-तीन इतके आहे, आणि 2011च्या जनगणनेनुसार साऱ्या भारतातही ते 2.3 टक्केच भरते. या आकड्याचा व्यवहारातील अर्थ असा, की येथील ख्रिस्ती माणसाचे वरिष्ठ, सहकारी, घरमालक, दुकानदार आणि मुलांचे शिक्षक हे बहुधा हिंदू किंवा मुसलमान असतात, अनेकदा जवळचे काही नातेवाईकही वेगळ्या धर्माचे असतात, आणि रविवारच्या उपासनेचे दोन-तीन तास वगळले तर त्याचा सारा आठवडा ख्रिस्तेतर समाजातच जातो. आषाढात बोनालू या देवीच्या सणाची मिरवणूक त्याच्याच गल्लीतून जाते, भाद्रपदात गणपतीची वर्गणी मागायला शेजारची मुले त्याच्याच दारात येतात, रमजानमध्ये त्याला इफ्तारचे आमंत्रण असते आणि दसऱ्याला त्याच्या कारखान्यात आयुधपूजा मांडली जाते. अशा प्रत्येक वेळी त्याला एक लहानसा निर्णय घ्यावा लागतो, आणि या लहान निर्णयांतूनच त्याची श्रद्धा वर्षानुवर्षे घडत जाते किंवा झिजत जाते.

या पेचाची दोन सोपी उत्तरे सर्वत्र दिली जातात. पहिले उत्तर अलग राहण्याचे असते : आपली वसाहत, आपली शाळा, आपली माणसे यांच्या कुंपणात राहिले म्हणजे श्रद्धेला धक्का लागत नाही, अशी त्यामागची समजूत. दुसरे उत्तर विरघळून जाण्याचे असते : श्रद्धा मनात ठेवावी, बाहेर चारचौघांसारखे वागावे आणि कोणी विचारले तरी विषय टाळावा. पहिल्या उत्तराने शेजारी तुटतो आणि दुसऱ्याने श्रद्धा पोकळ होते. ख्रिस्ती परंपरेतील जाणत्या माणसांनी या दोहोंऐवजी उपासना कोणती आणि शेजारधर्म कोणता हे प्रत्येक प्रसंगी पारखून घेण्याचा अवघड मार्ग धरला. उपासनेच्या बाबतीत ठाम राहावे आणि शेजारधर्माच्या बाबतीत सढळ असावे, असे या मार्गाचे थोडक्यात सूत्र सांगता येईल. आणि त्याला जोडूनच अनुभवाचा दुसरा नियम येतो, की माणसाच्या नकाराला वजन येते ते त्याने आधी मनापासून दिलेल्या होकारांमुळे.

बाबेलमधील परवासी

हा प्रश्न ख्रिस्ती धर्माहूनही जुना आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात बाबेलच्या राजाने यरुशलेम जिंकून तेथील यहुदी लोकांना आपल्या देशात नेले, तेव्हा मंदिर नाही, राज्य नाही आणि सभोवती परक्या देवतांची पूजा, अशा स्थितीत त्यांना जगावे लागले. त्या परवाशांना यिर्मया या संदेष्ट्याने, म्हणजे देवाचा संदेश लोकांपर्यंत पोचवणाऱ्या पुरुषाने, पत्र पाठवले. घरे बांधा, मळे लावा, लग्नकार्ये करा आणि ज्या शहरात आणले गेला आहात त्या शहराच्या भल्यासाठी झटा व प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचे भले आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. ज्यांनी देश उद्ध्वस्त केला त्यांच्याच नगराचे हित चिंतावे, ही अपेक्षा त्या लोकांना किती जड गेली असेल याची कल्पना करता येते. तरीही पुढील सर्व ख्रिस्ती विचाराने हाच पाया मानला.

याच काळाशी जोडलेली दानीएलाची कथा या विचाराची व्यावहारिक बाजू दाखवते. त्या तरुणाने बाबेलची भाषा शिकली, तेथील विद्या आत्मसात केली, राजाने दिलेले परके नाव स्वीकारले आणि दरबारातील अधिकारपदही सांभाळले, म्हणजे आज ज्याला आपण शिक्षण, नोकरी आणि सामाजिक ओळख म्हणतो ते सारे त्याने घेतले. नाकारल्या त्या मोजक्याच गोष्टी : राजाच्या ताटातील जे अन्न आपल्याला विटाळील असे त्याला वाटले ते, आणि पुढे राजाज्ञा झाल्यावर रोजची प्रार्थना थांबवणे. अन्नाचा प्रश्न आला तेव्हा त्याने आरडाओरड केली नाही. ज्या कारभाऱ्याच्या हाताखाली तो होता त्याला अडचणीत न आणता त्याने दहा दिवस शाकभाजी देऊन पाहण्याची विनंती केली. नकार देताना समोरच्याची नोकरी आणि अब्रू यांचाही विचार करावा, हा या कथेतील बारकावा सहसा लक्षात घेतला जात नाही, आणि कामाच्या ठिकाणी तोच सर्वांत उपयोगी पडतो.

करिंथचा मांसबाजार

पहिल्या शतकात पौल या प्रेषिताने, म्हणजे सुवार्ता सांगण्यासाठी पाठवलेल्या शिष्याने, ग्रीसमधील करिंथ या बंदराच्या शहरात ख्रिस्ती मंडळी स्थापन केली. मंडळी हा मराठी ख्रिस्ती लोकांचा शब्द असून त्याचा अर्थ चर्चची इमारत असा नसून एकत्र उपासना करणारी माणसे असा आहे. करिंथमध्ये देवळांत बळी दिले जात आणि त्यांतील बरेचसे मांस बाजारात विक्रीला येई, त्यामुळे मूर्तीला नैवेद्य दाखवलेले मांस ख्रिस्ती माणसाने खावे की नाही, असा वाद मंडळीत माजला. पौलाने त्याला एका शब्दात उत्तर दिले नाही. त्याने प्रसंग वेगळे केले.

पहिला प्रसंग बाजाराचा. तेथे विकत मिळणारे मांस कोठून आले याची चौकशी न करता ते खावे, कारण सारी सृष्टी देवाचीच आहे. दुसरा प्रसंग अन्यधर्मीय मित्राच्या घरच्या जेवणाचा. तेथे पुढे वाढलेले निःशंकपणे खावे. मात्र कोणी मुद्दाम सांगितले की हे नैवेद्याचे आहे, तर त्या सांगणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीसाठी, म्हणजे बरे-वाईट पारखणाऱ्या त्याच्या अंतःकरणासाठी, ते घेऊ नये. तिसरा प्रसंग देवळातील यज्ञभोजनाचा. तेथे पंगतीला बसणे हा प्रत्यक्ष उपासनेतील सहभाग असल्यामुळे ते टाळावे. अन्न तिन्ही ठिकाणी एकच असताना उत्तर बदलते, याचे कारण पौलाच्या दृष्टीने प्रश्न पदार्थाचा नसून कृतीच्या अर्थाचा आहे. शिवाय ज्याला खाण्यात काही वावगे वाटत नाही त्यानेही आपल्या दुबळ्या मनाच्या बांधवाला ठेच लागणार असेल तर आपले स्वातंत्र्य बाजूला ठेवावे, असे तो बजावतो. स्वतःची मोकळीक आणि दुसऱ्याचे अंतःकरण यांचा एकत्र विचार करणारी ही मांडणी हैदराबादच्या ख्रिस्ती घरांत आजही कामी येते, मग समोर गणपतीचा मोदक असो की इफ्तारची हलीम.

भारतात हाच विचार 17व्या शतकात पुन्हा कसाला लागला. रॉबर्ट दे नोबिली हा इटालियन जेझुइट धर्मगुरू 1606मध्ये मदुरेला आला आणि त्याने जानवे, शेंडी व चंदनाचा टिळा या गोष्टी समाजातील दर्जाच्या खुणा आहेत, उपासनेच्या नव्हेत, अशी भूमिका घेतली. त्यावर मोठा वाद झाला आणि 1623मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी काही अटींवर त्याला मान्यता दिली. या भूमिकेची एक बाजू काळजी वाटावी अशीही होती, कारण दर्जाच्या खुणांना जागा दिली की जातीच्या उतरंडीलाही जागा मिळते, आणि भारतीय चर्चमध्ये जातिभेद शिरण्याची किंमत दलित ख्रिस्ती लोकांनी आजवर मोजली आहे. म्हणून एखादी रूढी उपासना नाही एवढे पाहून भागत नाही, तिने कोणाचा अपमान होतो का हेही पाहावे लागते.

निजामाच्या राज्यातील उदाहरणे

मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे उदाहरण नारायण शेषाद्री यांचे आहे. मुंबईत मिशनच्या शाळेत शिकलेल्या या ब्राह्मण तरुणाने 1843मध्ये बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा जलसंस्कार, घेतला तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्यांचा लहान भाऊ श्रीपत मिशनरींच्या घरी राहिला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले आणि त्याला ज्ञातीत परत घ्यावे की नाही यावर ब्राह्मण समाजात वाद झाला, ज्यात बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला परत घेण्याची बाजू उचलून धरली. ज्या माणसाने घर आणि ज्ञात एका दिवसात गमावली त्याने पुढे समाजापासून तोंड फिरवले असते तर ते समजण्यासारखे होते. शेषाद्री मात्र त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या जालन्याकडे गेले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या कारभाराकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. हिंदू घरात जन्मलेला ख्रिस्ती पाळक, मुसलमान दिवाणाने दिलेली जमीन आणि मराठी बोलणारी वस्ती, असा हा संगम हैदराबाद राज्यातच शक्य होता.

तेलुगू भागात व्ही. एस. अझारिया यांचे कार्य याहून व्यापक झाले. तमिळ प्रदेशात 1874मध्ये जन्मलेले अझारिया 29 डिसेंबर 1912 रोजी दोर्णकलचे बिशप, म्हणजे एका मोठ्या प्रदेशातील मंडळ्यांचे प्रमुख धर्माधिकारी, झाले आणि अँग्लिकन चर्चमधील ते पहिले भारतीय बिशप ठरले. दोर्णकल हे निजामाच्या राज्यातील रेल्वेचे गाव होते. 1910मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी युरोपीय मिशनरींना स्पष्ट सांगितले होते, की त्यांनी त्याग पुष्कळ केला, पण भारतीय माणसांना त्यांच्याकडून आता मैत्री हवी आहे. हाच आग्रह त्यांनी आपल्या प्रदेशातही धरला. दोर्णकलच्या कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मुख्य मंदिरात, त्यांनी हिंदू आणि मुसलमानी वास्तुशैलींचे घुमट, मिनार आणि खांब ख्रिस्ती उपासनेसाठी एकत्र आणले. ही वास्तू 1939मध्ये पूर्ण होऊन समर्पित झाली.

अझारियांच्या मंडळ्यांत मुख्यतः माला आणि मादिगा या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील शेतमजूर होते. गावात त्यांना विहिरीवर पाणी भरता येत नसे, जमीन दुसऱ्याची असे आणि मालक, सावकार व पाटील सगळे ख्रिस्तेतर असत, म्हणजे अन्यधर्मीयांत राहून श्रद्धा राखण्याचा प्रश्न त्यांच्यासाठी भाकरीशी बांधलेला होता. अझारियांनी त्यांना वाद घालायला शिकवले नाही. दारू सोडणे, मेलेल्या जनावराचे मांस न खाणे, घर स्वच्छ ठेवणे, मुलांना शाळेत घालणे, चोरी-खोटेपणा टाळणे आणि रोज संध्याकाळी एकत्र प्रार्थना करणे, अशा सवयी लावल्या, आणि विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने साक्ष द्यावी, म्हणजे आपल्या बदललेल्या जीवनाने व शब्दाने ख्रिस्ताविषयी सांगावे, असा आग्रह धरला. पुढे 1920 आणि 1930च्या दशकांत काही शेतकरी जातींतील लोक ख्रिस्ती मंडळीकडे वळले, तेव्हा आपल्याच शेतावर राबणाऱ्या मजुरांच्या वागण्यात झालेला पालट हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे तत्कालीन निरीक्षकांनी नोंदवले आहे. त्याच अझारियांनी ख्रिस्ती लोकांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असू नयेत असे मत मांडले, कारण वेगळी उपासना म्हणजे वेगळे राजकीय राष्ट्र नव्हे, असे त्यांना वाटत होते.

श्रद्धेतून उभी राहणारी कामे अन्यधर्मीयांच्या साहाय्याने कशी वाढतात, हे निजामाबादजवळच्या डिचपल्लीत दिसते. इझाबेल कर या स्कॉटिश डॉक्टर मिशनरींनी तेथे कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभारले, ज्याचे दरवाजे 1915मध्ये उघडले, आणि त्यासाठी मोठी देणगी दिली ती राजा नरसा गौड या हिंदू दानशूर गृहस्थांनी. मेदक येथे चार्ल्स वॉकर पॉस्नेट या मिशनरींनी बांधलेले कॅथेड्रल 25 डिसेंबर 1924 रोजी उपासनेसाठी खुले झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात पडलेल्या दुष्काळात गावकऱ्यांना रोजगार मिळावा म्हणून हे बांधकाम चालवले गेले, आणि 175 फूट उंच मनोऱ्याच्या त्या मंदिराला आजही सर्व धर्मांची माणसे भेट देतात.

ठामपणाचे टोक हैदराबादेत भक्त सिंग यांच्या रूपाने पाहायला मिळते. पंजाबातील शीख घराण्यात 1903मध्ये जन्मलेले, कॅनडात असताना ख्रिस्ती झालेले आणि 1933मध्ये भारतात परतलेले भक्त सिंग यांना मुंबईत भेटायला आलेल्या आईवडिलांनी घराण्याच्या अब्रूसाठी श्रद्धा गुप्त ठेवण्याची विनंती केली आणि त्यांनी ती नाकारली. पुढे हैदराबादचे हेब्रोन हे त्यांचे मोठे केंद्र झाले. तेथील वार्षिक मेळाव्यांत हजारो लोक जमिनीवर बसून एकत्र जेवत, आणि खर्चासाठी बाहेर पैशाचे आवाहन न करण्याचा नियम पाळला जाई. 2000मध्ये हैदराबादेतच त्यांचे निधन झाले. उपासनेच्या बाबतीत तिळमात्र तडजोड न करणारा हा माणूस राहणी, बैठक आणि भोजन या बाबतीत पूर्ण भारतीय राहिला, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दसऱ्याचा दिवस

ही सारी तत्त्वे एका दिवसाच्या कसोटीवर घासून पाहता येतात. आयुधपूजा म्हणजे ज्या अवजारांवर पोट चालते त्यांची कृतज्ञतेने केलेली पूजा. एखाद्या यंत्रशाळेत आदल्या दिवशी काम थांबते, लेथ आणि ड्रिल यंत्रे पुसून लख्ख केली जातात, लोखंडाचा कीस झाडून काढला जातो, दाराला झेंडूची आणि आंब्याच्या पानांची तोरणे लागतात, यंत्रांना हळदकुंकू लावले जाते, पूजा आणि आरती होते, नारळ वाढवला जातो, दृष्ट काढून कोहळा फोडला जातो, प्रसाद वाटला जातो आणि शेवटी मालक सर्व कामगारांना जेवण, मिठाई व बक्षिसी देतो. बाहेरून हा एकच समारंभ दिसत असला तरी त्याचे अनेक टप्पे आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

साफसफाई हे काम आहे, त्यात ख्रिस्ती कामगाराने इतरांपेक्षा एक हात जास्तच चालवावा. तोरणे हा शोभेचा भाग आहे. एकत्र जेवण आणि बक्षिसी हे मालक-कामगारांच्या नात्याचे व्यवहार आहेत, ते आनंदाने घ्यावेत. पूजा, आरती आणि दृष्ट काढणे या मात्र स्पष्ट उपासनेच्या व श्रद्धेच्या कृती आहेत. तेव्हा त्याने त्यांत हात न जोडता आदराने एका बाजूला उभे राहावे, किंवा बाहेर थांबावे. प्रसादाच्या बाबतीत मंडळ्यांमध्ये एकमत नाही : काहीजण तो मित्राने दिलेला खाऊ म्हणून घेतात, तर बरेच प्रोटेस्टंट आणि पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर विशेष भर देणारे ख्रिस्ती, पौलाचा दुसरा प्रसंग लावून तो नम्रपणे नाकारतात. दोघांनाही एक गोष्ट समान लागू आहे, ती म्हणजे नकार देताना देणाऱ्या हाताचा अपमान होता कामा नये. छातीवर हात ठेवून, हसून, दोन शब्दांत कारण सांगून दिलेला नकार बहुतेक सहकारी समजून घेतात. तोंड वेंगाडून किंवा मूर्तीविषयी शेरा मारून दिलेला नकार वर्षभर खुपत राहतो. आणि त्याच कामगाराने वर्षभर सहकाऱ्याच्या आजारपणात रक्त दिले असेल, रमजानमध्ये रोजा असलेल्या मित्राची दुपारची पाळी सांभाळली असेल, लग्नाच्या मांडवात राबला असेल, तर आरतीच्या वेळी तो हात का जोडत नाही, हे विचारण्याची गरजही कोणाला वाटत नाही.

काम हीच साक्ष

16व्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी असा विचार मांडला, की धर्मगुरूची सेवा जशी देवाचे बोलावणे असते तसेच चांभाराचे, शेतकऱ्याचे आणि आईचे कामही असते. या कल्पनेला ख्रिस्ती विचारात पाचारण म्हणतात. तिचा परिणाम असा, की श्रद्धेची परीक्षा पूजेच्या प्रसंगापुरती राहत नाही. खोटे बिल, वजनातील चोरी, लाच, हाताखालच्या माणसाचे श्रेय लाटणे आणि कनिष्ठाला दिलेली अपमानास्पद वागणूक, या साऱ्यांत ती द्यावी लागते. प्रसाद नाकारणारा पण खोटी हजेरी लावणारा माणूस आपल्या श्रद्धेविरुद्धच साक्ष देत असतो. हाय-टेक सिटीतील संगणक कंपन्यांत रात्रपाळ्या आणि मुदतीच्या कामामुळे रविवारची उपासना हुकण्याचा प्रश्नही खरा आहे. त्यावर सणांच्या दिवशी सहकाऱ्यांच्या पाळ्या आपणहून घेऊन त्याबदल्यात रविवारची सकाळ मागून घेणे, हा दोन्ही बाजूंना मान्य होणारा उपाय ठरू शकतो.

साक्ष शब्दांनीही द्यायची असते, आणि तेथे बायबलमधील प्रेषित पेत्राच्या पत्रातील शिकवण मोलाची आहे : कोणी आशेचे कारण विचारले तर उत्तर द्यायला तयार असावे, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्यावे. यात विचारणाऱ्याचा प्रश्न आधी येतो आणि उत्तर नंतर. जो अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसाला बढती किंवा सुट्टी यांच्या सावलीत श्रद्धेविषयी सांगतो, त्याची साक्ष दबावाने डागाळते, कारण ऐकणाऱ्याला नाही म्हणण्याची मोकळीक उरत नाही. श्रद्धेला मोकळीक किती लागते हे लक्ष्मीबाई टिळकांच्या जीवनात दिसते. नारायण वामन टिळक 1895मध्ये ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुन्हा एकत्र आल्यावरही आपले सोवळे सांभाळत राहिल्या, आणि 1900मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने.

कायद्याचे छत्र आणि त्यातील भोक

भारतीय संविधानाचे 25वे कलम प्रत्येकाला सदसद्विवेकाचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. मात्र 1977मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. नकाराच्या हक्काविषयीचा सर्वांत महत्त्वाचा निवाडा 11 ऑगस्ट 1986चा आहे. केरळमधील यहोवाचे साक्षीदार या पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून 1985मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांना राष्ट्रगीत गाण्यात काहीही आक्षेपार्ह वाटत नाही. तरीही न्यायालयाने म्हटले, की श्रद्धा इतरांना पटते की नाही हा प्रश्न नसून ती प्रामाणिक आहे की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी त्याआधी हैदराबादच्या आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश होते. त्याचप्रमाणे 1969चा शपथविषयक कायदा शपथेऐवजी गांभीर्याने प्रतिज्ञा करण्याची मुभा देतो, जी शपथ घेणे वर्ज्य मानणाऱ्या मेनोनाइट ख्रिस्ती लोकांना उपयोगी आहे, आणि हे लोक तेलंगणात 19व्या शतकाच्या अखेरीपासून आहेत.

या छत्राला एक मोठे भोक मात्र आहे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला, 1956मध्ये तो शिखांना आणि 1990मध्ये बौद्धांना मिळाला, पण ख्रिस्ती व मुसलमान दलितांना नाही. तेलंगणात ख्रिस्ती झालेल्या अनुसूचित जातींना मागासवर्गाच्या क गटात टाकले जाते, ज्याचे आरक्षण एक टक्का आहे. परिणामी अनेक माला-मादिगा कुटुंबांना श्रद्धा उघड सांगणे आणि मुलांचे शिक्षण व नोकरी यांपैकी एक निवडावे लागते. गावातील अपमान बाप्तिस्म्याने संपत नाही, पण त्यावरची भरपाई मात्र संपते. अशा माणसांना दांभिक ठरवण्याआधी त्यांच्यावर कोणते ओझे आहे हे पाहणे न्यायाचे होईल.

शेजाऱ्याला ओळखणे

हेन्री मार्टिन या 1812मध्ये मरण पावलेल्या इंग्रज धर्मगुरूने नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या उत्तरार्धाचे, उर्दू आणि फारसी भाषांतर केले. त्यांच्या नावाने 1930मध्ये लाहोरला एक संस्था निघाली, जिचा उद्देश मुसलमानांत ख्रिस्ती कार्य करणाऱ्यांना इस्लामचे शिक्षण देणे हा होता. 1971मध्ये ती हैदराबादला आली. शेजाऱ्याचा धर्म नीट शिकता शिकता तिचा कल बदलत गेला, आणि 1990च्या दंगलींनंतर जुन्या शहरात हिंदू-मुसलमानांमध्ये सलोखा घडवणे हे तिच्या कामाचे महत्त्वाचे अंग झाले. दंगलीत दोन्ही बाजू एकमेकींकडे संशयाने पाहत असताना तिसऱ्या, संख्येने लहान समाजाला मध्ये उभे राहता आले, यात अल्पसंख्य असण्याचा एक अनपेक्षित उपयोग दिसतो.

बेथेल, दोर्णकल, डिचपल्ली, मेदक आणि हेब्रोन यांच्या या प्रवासात एकाही ठिकाणी श्रद्धा कुंपणाने टिकली नाही आणि एकाही ठिकाणी ती लपवून टिकली नाही. जेथे ती टिकली तेथे तिच्या माणसांना आपली उपासना कोणाची हे ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांना शेजाऱ्याच्या पंगतीत बसण्याची भीती वाटली नाही. हैदराबादच्या ख्रिस्ती तरुणाने उद्याच्या कामावर जाताना एवढे दोनच प्रश्न सोबत न्यावेत : या कृतीने मी कोणाची उपासना करतो, आणि या कृतीने माझ्या शेजाऱ्याचे भले होते का? आणि त्याच्या हिंदू व मुसलमान सहकाऱ्यांनी, तो आरतीच्या वेळी बाजूला उभा राहिला तर त्याच्यासाठी जेवणाच्या पंगतीत एक पान राखून ठेवावे.